आहूखान्याच्या ओट्यावर किती जणी

मामा, तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी तुमचा फोन वाजला. कुणी एक गृहस्थ होते. ओंकारेश्वर आटोपून निघालोत, अजिंठ्याला मुक्कामाला पोचायचंय, मध्ये तुमचं बुऱ्हाणपूर दोन तासांत बघून होईल का? घरात सुतक, मामी भिंतीला टेकून बसलेली, आणि मी त्या माणसाला तुमच्याच सुरात म्हणाले, "दोन तासांत तर आमची मावा जलेबीच होते साहेब, शहर कधी बघणार?" ते हसले. मग त्यांनी विचारलं, मास्तर नाहीत का? मी फोन ठेवला आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा रडले.

बावीस वर्षांपूर्वी संसार मोडून मी लोधीपुऱ्यात तुमच्या दारात येऊन उभी राहिले तेव्हा तुम्ही मला एकही प्रश्न विचारला नव्हता. बाकी सगळ्यांनी विचारले. माझ्या आईनं तर तुमच्याच ओसरीत बसून दिवसभर विचारले. तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त माझ्या पायांकडे बघितलंत. "चप्पल मजबूत आहे का? मग चल." शाळेतून नुकतेच निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर तुम्ही, येणाऱ्याजाणाऱ्यांना शहर दाखवायचा नाद लागलेला. त्या दिवसापासून मी तुमच्या मागून चालत राहिले. आज माझं पोट त्या चालण्यावर आहे, आणि तुम्हाला त्याबद्दल कधी काही बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही म्हणाला असतात, चल, पुढचा ग्रुप आलाय.

तुमच्यासारखं शहर कुणाला दाखवता येणार नाही. जामा मशिदीत लोकांना आधी अरबी लेखासमोर उभं करायचं, ते आदरानं माना हलवायला लागले की बाजूला सरकवून म्हणायचं, "आता हे वाचा," आणि तिथं संस्कृत बघून त्यांचे चेहरे काय व्हायचे! किल्ल्यातल्या हमामात मान दुखेपर्यंत छताकडे बघायला लावायचं. कुंडी भंडाऱ्यात, त्या जमिनीखालच्या जुन्या पाण्याच्या बोगद्यात, लिफ्टनं उतरलं की एक मिनिट कुणी बोलायचं नाही, पाणी ऐकायचं. इथपर्यंत सगळं ठीक. भानगड होती ती तुमच्या थापांची.

मी इतिहासाची बी.ए. मला त्या थापा सहन व्हायच्या नाहीत. तुम्ही बोलत असताना मी मागे उभी राहून घसा खाकरायचे, आणि तुम्ही पाहुण्यांना सांगायचात, "आमच्या भाचीला धुळीचा त्रास आहे." घरी आल्यावर रोजचं भांडण ठरलेलं.

"मामा, खरं काय ते सांगा ना. कमी आहे का सांगण्यासारखं?"

"वंदू, सच्ची बात दोन मिनिटांत खतम होते. मग माणूस घड्याळ बघतो."

"म्हणून काय वाट्टेल ते बनवायचं?"

"असीरगडावर रोज पहाटे पिंडीवर ताजं फूल दिसतं म्हणतात. कपाळाची जखम घेऊन फिरणारा तो येऊन वाहून जातो. सगळा जिल्हा मानतो की नाही? मग ही गोष्ट पहिल्यांदा कोणीतरी सांगितलीच असेल ना? त्याला कोणी विचारलं, भाऊ, तू बी.ए. आहेस का?"

यावर मी उठून भाकरी टाकायला जायचे.

पण आहूखान्याची गोष्ट तुम्ही सांगायला नको होती, मामा. ते भांडण आपलं मिटायचं राहून गेलं, म्हणून लिहायला बसले आहे.

नऊ वर्षं झाली त्याला. पुण्याचा एक मोठा ग्रुप होता. ऊन कडक, तापीवरचा पूल ओलांडून जैनाबादला गेलो, केळीच्या मळ्यांमधून चालत आहूखान्यापाशी, मोगलांच्या त्या जुन्या हरणबागेपाशी, पोचलो, आणि त्या लोकांनी समोर काय बघितलं? एक पडकी बाग, मोडकी बारादरी, तिला लागून एक ओटा, भिंतीवर कुणीकुणी कोरलेली नावं. ताजमहालात जिला नेऊन ठेवली, त्या बेगमेला मरण बुऱ्हाणपुरात आलं, बाळंतपणात, आणि आग्र्याला नेईपर्यंत काही महिने ती इथं या मातीत होती, हे तुम्ही सांगितलंत. एवढं पुरे होतं. पण एक बाई म्हणाल्या, "म्हणजे आता इथं काहीच नाही?" तुमचा चेहरा पडला. कुणी म्हणालं की बुऱ्हाणपुरात काहीच नाही, तर तुम्हाला ते अंगाला लागायचं. तुम्ही टोपी सारखी केलीत आणि सुरुवात केलीत.

बेगमेला घेऊन गेले तेव्हा तिची एक दासी मागे राहिली. नूरबी तिचं नाव. ती म्हणाली, कबर रिकामी झाली म्हणून काय झालं, मी तिला एकटी सोडायची नाही. ती अजून इथंच आहे. बाळंतपणात गेलेल्या लेकीची आई इथं येऊन बसली, तर नूरबी तिच्या शेजारी येऊन बसते. दर गुरुवारी. गुरुवार तुम्ही एवढ्याचसाठी म्हणालात की त्या दिवशी गुरुवार होता. बुधवार असता तर बुधवार म्हणाला असतात. पुण्याच्या बायांपैकी दोघीतिघींनी डोळे पुसले, आणि तुम्ही माझ्याकडे विजयी नजरेनं बघितलंत.

बागेच्या पडक्या भिंतीपलीकडे जैनाबादचीच एक बाई गवत कापत होती. तिचा विळा थांबलेला मी बघितला, तुम्ही नाही. सुमन तिचं नाव. तिची एकुलती एक मुलगी दापोऱ्याला दिली होती, आणि दोन महिन्यांपूर्वी पहिल्याच बाळंतपणात गेली होती. हे आपल्याला फार नंतर कळलं.

पुढच्या खेपांना ती दिसायला लागली. गुरुवार असला की ती ओट्यावर असायचीच, बारादरीला पाठ लावून, नदीकडे तोंड करून. दुपारी चारच्या सुमारास यायची, तासभर बसायची. बरोबर चहाचा थर्मास आणि दोन कप. एकदा मी सहज विचारलं, ताई, दर गुरुवारी कुणाची वाट बघता? तिनं मला तुमचीच गोष्ट सांगितली. नावासकट, गुरुवारासकट. माझ्या अंगावर काटा आला, मामा. भुताखेताचा नव्हे. आपण काय करून बसलो, त्याचा.

त्या दिवशी मी घरी येऊन तुम्हाला काय काय बोलले ते मामीनं ऐकलं आहे. तुम्ही मान खाली घालून बसला होतात. "सांगतो तिला," म्हणालात. मग वर्षं गेली. मी विचारायचे, सांगितलं का? तुम्ही म्हणायचात, सांगतो ना बाई. पुढे पुढे तुम्ही उत्तरच देईनासे झालात, आणि मी मनाशी धरून चालले की तुम्ही सांगणार नाही. माणसाला स्वतःची थाप मागे घेणं जड जातं, तसं असेल.

मग तुमच्यात तो बदल झाला. आहूखान्याला आलात की तुम्ही बाहेरच्या निंबाखाली उभे राहायला लागलात. "तू ने त्यांना आत. माझे गुडघे." मी नेत असे. नूरबीचं नावही तुम्ही घेईनासे झालात, आणि एकदा ग्रुपमधल्या कुणीतरी कुठंतरी ऐकून विचारलं तर चक्क म्हणालात, "तसलं काही नाही, बकवास आहे." मी खूश झाले. म्हटलं, उशिरा का होईना, शहाणपण आलं. ज्या गुडघ्यांनी किल्ल्याचे जिने चढता येत होते, त्यांना आहूखान्याच्या चार पायऱ्या का जड जाव्यात, हे माझ्या बी.ए.च्या डोक्यात आलं नाही.

आणि ती जळगावची बाई. सोमवार होता, मला पक्कं आठवतं, कारण सुमन येण्याचा प्रश्न नव्हता. सगळे बघून बाहेर आले, ती मागे राहिली. बऱ्याच वेळानं आली, डोळे सुजलेले. तुम्हाला म्हणाली, "आत बसलेल्या त्या आजी कोण? मला रडू आवरेना, तर न बोलता शेजारी येऊन बसल्या." मी धावत आत गेले. कुणी नव्हतं. ओट्यावर नव्हतं, मागच्या हौदापाशी नव्हतं, मळ्याच्या बांधावर लांबपर्यंत माणूस नव्हतं. परत आले तर तुम्ही टोपी काढून तोंड पुसत होतात. "गावातली असेल कोणी," एवढंच तुम्ही तिला म्हणालात.

त्या संध्याकाळी मी तुम्हाला विचारलं, "मामा, तुम्ही म्हातारी बसवायला लागलात का आत? पाहुण्यांना खूश करायला?" मी आणखी पुढे गेले. म्हणाले, लोकांच्या मेलेल्या लेकींवर तुमचं नाटक चाललंय. तुम्ही उठून आत गेलात. त्यानंतर दोन वर्षं आपण कामापुरतंच बोललो. किती वाजता, किती माणसं, जेवणार का. मला माफ करा, मामा. हे दवाखान्यात म्हणायचं होतं, पण तिथं नर्सा होत्या, मामी होती, आणि मला वाटलं, अजून वेळ आहे.

दवाखान्यातल्या शेवटच्या दिवशी तुम्ही तोंडावरचा मास्क बाजूला केलात. "वंदू, सुमनला सांग..." पुढे धाप लागली. मी तुमचा हात धरून म्हणाले, हो, सांगते, सगळं सांगते, तुम्ही शांत पडा. खरं सांगू? त्या क्षणीसुद्धा मला आत कुठंतरी जिंकल्यासारखं वाटलं. नऊ वर्षांनी मामांनी कबूल केलं, असं. तुम्ही मान हलवत होतात. ती नाही म्हणून हलत होती, हे आता समजतंय.

तेराव्यानंतरच्या गुरुवारी मी जैनाबादला गेले. एकटीच. सुमन ओट्यावर होती. केस सगळे पांढरे झालेत आता तिचे. मला बघून ती म्हणाली, "या ताई, बसा. भाऊ गेले ना. समजलं मले." मी तिच्या उजव्या हाताला बसले. तिनं कपात चहा ओतून माझ्यापुढे केला. मी कप तसाच हातात धरून एकदाचं बोलून टाकलं.

"सुमनताई, मामांनी जाताना तुमच्यासाठी एक निरोप ठेवलाय. ती नूरबीची गोष्ट खरी नाही. कुठल्या पुस्तकात नाही, कुणी जुन्या माणसानं सांगितलेली नाही. मामांनी त्या दिवशी इथं उभ्या उभ्या बनवली होती."

मला वाटलं होतं, ती रडेल किंवा मला शिव्या देईल. तिनं दुसऱ्या कपात स्वतःला चहा ओतला.

"हे तर त्यांनीच सांगितलं होतं मले. चार वर्षं झाली. तुम्ही बसल्या ना, तिथंच बसून, हात जोडून सांगितलं."

"मामांनी?"

"हो ना. माफी मांगत होते. मी त्यांले म्हटलं, भाऊ, गोष्ट तुम्ही बनवली असेल, मी कुठं नाही म्हणते? पन बाई येते ना. तिचं नाव मले माहीत नाही. नूरबी तर तुम्ही ठेवलेलं. पन येते."

वारा अजिबात नव्हता. मळ्यातल्या केळीची पानंसुद्धा हलत नव्हती. मी विचारलं, "तुम्ही बघितलंय तिला?"

"नाही व. तेच तर. बाजूले येऊन बसली की समजतं. मान वळवली की काही नाही. जवळून नाही दिसत ती." सुमननं हातानं नदीपलीकडे दाखवलं. दुपारच्या उन्हात किल्ल्याची भिंत आणि वरची गच्ची लख्ख दिसत होती. "म्हनून मी भाऊंले म्हटलं, तुम्ही दुसऱ्यांले येवढं दाखवता, माझं येवढं काम करा. गुरुवारी चार वाजता तिकडे किल्ल्यावर उभे राहा आन् इकडे पाहा. लांबून दिसेल. इथं आम्ही किती जनी बसल्या, ते मले सांगा."

"मग?"

"मग काय, दर गुरुवारी उभे राहायचे ना. पांढरी टोपी दिसायची मले इथून. पन सांगायले कधी आलेच नाहीत. मी वाट पाहिली. म्हटलं, सांगतील. ते गेले त्या गुरुवारी गच्ची रिकामी होती, तवाच समजली मी."

मामा, मला सगळे गुरुवार आठवले. "किल्ला मी दाखवतो, तू त्यांना मशिदीत घेऊन जा." दर गुरुवारी, दुपारी. मी म्हणायचे, म्हाताऱ्याला आता नदीचा वारा आवडायला लागलाय.

सुमननं कप खाली ठेवला आणि माझ्याकडे वळली. लहान मुलीनं निकाल विचारावा तसं तिनं विचारलं. "मग तेच सांगायले पाठवलं ना तुमाले? सांगा ना ताई. किती दिसायचो आम्ही? एक का दोन?"

मला माहीत नव्हतं. मला माहीत नाही, एवढं म्हणणं काय कठीण होतं? बावीस वर्षं मी तुम्हाला तेच तर शिकवत होते. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. नऊ वर्षं दर आठवड्याला इथं येऊन बसलेली बाई, तुम्ही गेलेले, विचारायला आता दुसरं कुणी उरलेलं नाही.

"दोन," मी म्हणाले.

अगदी सहज निघालं तोंडातून. तुमच्या तोंडून निघायचं तसं. पुण्याच्या त्या बाईनं काहीच नाही का म्हणून विचारलं, तेव्हा तुम्हाला काय झालं असेल ते मला त्या ओट्यावर कळलं. समोर एक चेहरा असतो आणि तो वाट बघत असतो, एवढंच. त्यावरून मी तुम्हाला अर्धं आयुष्य छळलं.

सुमननं डोळे मिटले. मग पदर सावरून ती जराशी सरकली, कुणाला नीट बसता यावं म्हणून सरकतात तशी. पण ती माझ्याकडे सरकली, मामा. जागा तिनं डाव्या बाजूला केली होती.

मी पुलावरून चालत परत आले. रिक्षा थांबत होत्या, पण मला चालायचं होतं. पुलाच्या मधोमध मला एक गोष्ट सुचली आणि पाय थांबले. तुम्ही तिला काहीच का सांगितलं नाहीत? तुम्हाला ओट्यावर एकच बाई दिसली असती, तर तुम्ही त्याच संध्याकाळी जैनाबाद गाठलं असतंत. दोन दिसल्या म्हणाला असतात. साडीचा रंग सांगितला असतात, कोण कुणाच्या खांद्यावर हात ठेवून होतं तेही सांगितलं असतात. कुणाच्या समाधानासाठी थाप मारायला तुम्ही कधी मागेपुढे बघितलं नाही. गप्प राहणं तुमच्या स्वभावातच नव्हतं. मग चार वर्षं गप्प का राहिलात? ते निंबाखाली उभं राहणं, जळगावच्या बाईसमोर टोपी काढून तोंड पुसणं, माझं तोंडाला येईल ते बोलणं ऐकून उठून आत जाणं. तुम्ही खोटं बोलल्याची लाज बाळगत होतात असं मी धरून चालले होते. तुम्ही घाबरला होतात का, मामा? आणि घरात मी असताना एकटेच घाबरलात?

मला सांगायचं होतंत. मी हसले असते, हे खरं. पण पुढच्या गुरुवारी तुमच्याबरोबर गच्चीवर आले असते.

काल गुरुवार होता. तुमच्यामागे मी घेतलेला पहिला ग्रुप, अकोल्याची अकरा माणसं. त्यांना आधी मशिदीत नेलं, मग हमाम दाखवला, आणि कितीही टाळलं तरी चारच्या सुमारास गच्चीवर यावंच लागलं. नदी बघितल्याशिवाय कोण खाली उतरणार? मी तापीकडे पाठ करून उभी राहिले. तुम्ही तिथं तोंड करून उभे राहात होतात, मला ते जमलं नाही. मी फक्त खरं तेच सांगितलं. किल्ला कुणाचा, भिंत केवढी, पलीकडचा तो आहूखाना, बेगम काही महिने तिथं होती. नूरबीचं नाव काढलं नाही.

लोक फोटो काढत होते. एक निवृत्त काका कठड्याला टेकून फोन डोळ्यांजवळ धरून पलीकडचं चित्र मोठं मोठं करत होते. मग फोन खाली न करताच त्यांनी मला विचारलं, "मॅडम, तिथं ओट्यावर त्या दोघीजणी बसल्यात, त्या कोण हो?"

मी वळून बघितलं नाही. मला माहीत होतं तेवढंच मी त्यांना सांगितलं. त्यातल्या एक जैनाबादच्या सुमनबाई आहेत.